काल बेचाळीस, आज बेचाळीस, उद्याही बेचाळीस

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की सोमवारी ऑफिसात एक तरी माणूस असा दिसतो, जो पहिल्या मजल्यासाठीही लिफ्टची वाट बघत उभा असतो. खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी टेबल धरतो आणि उठताना तोंडातून हुंकार काढतो. गळ्यात मेडल असेल तर त्याला आपण कौतुकाने हसतो. तो आठवडाभर पळत नाही, आणि त्यात काही वावगंही नाही.

आता दुसरं चित्र बघा. हल्ली रनिंग क्लबांमध्ये सलग तीन दिवस, सलग पाच दिवस, क्वचित सलग दहा दिवस रोज एक पूर्ण मॅरेथॉन पळायची टूम निघाली आहे. पुण्याच्या आशिष कासोदेकरांनी २८ नोव्हेंबर २०२१ ते २६ जानेवारी २०२२ या काळात साठ दिवसांत साठ मॅरेथॉन पूर्ण केल्या आणि गिनीज बुकात नोंद मिळवली. त्या बातमीनंतर घरोघरी एकच प्रश्न विचारला गेला असणार. एका मॅरेथॉननंतर आपला जावई जिना उतरू शकत नाही, मग हे लोक दुसऱ्या दिवशी पहाटे बूट कसे काय बांधतात?

थोडक्यात सांगायचं तर हे लोक तुमच्या जावयासारखे पळत नाहीत. ते वेगळ्याच पद्धतीने पळतात, आणि उरलेला दिवस तर त्याहून वेगळ्या पद्धतीने काढतात. ते कसं, हे समजायला शरीराचा हिशेब थोडा उलगडावा लागेल.

आधी अंतराबद्दल

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. ‘दहा किलोमीटरची मॅरेथॉन’ असं काही नसतं. नगरसेवकाच्या बॅनरवर छापलं तरी नसतं. हा विचित्र आकडा १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधून आला आणि १९२१ साली अधिकृत झाला. तेव्हापासून जगभर तेवढंच अंतर. ‘सलग’ म्हणजे मध्ये विश्रांतीचा दिवस नाही. पहाटे साडेचारला सुरू करून साडेदहाला संपवलं, तर पुढच्या सुरुवातीला अठरा तास उरतात. दुरुस्ती, जेवण, झोप, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ऑफिससुद्धा, हे सगळं त्या अठरा तासांतच बसवायचं. माझं मत असं, की सलग मॅरेथॉनचा निकाल या अठरा तासांत लागतो. रस्त्यावरच्या सहा तासांत तो फक्त दिसतो.

गच्चीवरची टाकी आणि सकाळचा नळ

पळायला ऊर्जा लागते. ढोबळ नियम असा, की माणूस जितक्या किलोचा, तितक्या कॅलरी त्याला दर किलोमीटरला लागतात. साठ किलोच्या माणसाला बेचाळीस किलोमीटरसाठी साधारण २,५०० कॅलरी.

ही ऊर्जा दोन ठिकाणांहून येते. एक, स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात. ही सोसायटीच्या गच्चीवरची टाकी समजा. कॉक उघडला की धो धो पाणी, पण टाकी लहान. शरीरात साधारण पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन मावतं, म्हणजे सुमारे २,००० कॅलरी. दुसरी जागा म्हणजे चरबी, म्हणजे आवारातली बोअरवेल. पाणी अमाप: साठ किलोच्या सडसडीत माणसाच्या अंगावरही नऊ-एक किलो चरबी असते, म्हणजे जवळपास सत्तर हजार कॅलरी. पण बोअरची धार बारीक. जोरात पाणी हवं असेल, तर टाकीवाचून गत्यंतर नाही.

आता मुंबई मॅरेथॉनमधल्या जावयाकडे परत येऊ. तो चांगली वेळ नोंदवायला पळत होता. जोरात पळताना शरीर जास्त करून टाकीतलं पाणी वापरतं, त्यामुळे तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास टाकीचा तळ दिसतो, पाय शिशाचे होतात आणि पेडर रोडचा चढ हिमालय वाटायला लागतो. धावपटू याला ‘वॉल’ म्हणतात. कसंबसं संपवतो आणि टाकी पूर्ण रिकामी करून घरी येतो.

ती परत कधी भरते? नळाच्या वेगाने. नळ म्हणजे आपली आतडी. पूर्ण रिकामी टाकी भरायला, भरपूर पिठूळ-साखरेचं जेवण घेतलं तरी, साधारण चोवीस तास लागतात. स्नायूंना इजा झाली असेल तर त्याहून जास्त. आणि आपल्याकडे तर अठराच तास आहेत. म्हणजे जो दुसऱ्या दिवशी पळणार, त्याला टाकी रिकामी करणं परवडतच नाही. त्याने बोअरवर भागवायचं, आणि बोअरवर भागवायचं म्हणजे हळू पळायचं.

अमेरिकेत २०१५ साली काही धावपटूंनी कॅलिफोर्निया ते वॉशिंग्टन असा देश पार केला, आठवड्याला सहा मॅरेथॉन, वीस आठवडे. संशोधकांनी त्यांच्या शरीरात रोज किती ऊर्जा जळते ते मोजलं आणि इतर दीर्घ शर्यतींच्या आकड्यांशी ताडून २०१९ साली प्रसिद्ध केलं. निष्कर्ष असा: आठवडे-महिने चालणाऱ्या कष्टांत माणूस, नुसतं पडून राहिल्यावर जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण अडीच पटीवर येऊन टेकतो. त्यापलीकडचं शरीर स्वतःलाच खाऊन भागवतं. कारण बहुधा आतडी असावीत, त्याहून जास्त अन्न ती पचवून रक्तात सोडू शकत नाहीत. म्हणजे सोसायटीत कितीही मजले चढवा, महापालिकेच्या लाइनचा व्यास तोच.

आकडे घालून बघू. आपल्या साठ किलोच्या माणसाला पडून राहायला समजा १,५०० कॅलरी लागतात. अडीच पट म्हणजे ३,७५०. त्याचा खर्च मात्र मॅरेथॉनचे २,५००, मूळचे १,५०० आणि ऊठबस धरून ४,३००च्या घरात. रोजची साडेपाचशे कॅलरींची तूट. दहा दिवसांत साडेपाच हजार, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास चरबी. हे सहज झेपण्यासारखं आहे. साठ दिवस, शंभर दिवस म्हटलं की मात्र ही तूट मांडीच्या स्नायूंवर आणि चेहऱ्यावर दिसायला लागते.

उतरताना दुखतं ते का?

जिना चढताना दम लागतो, पण मॅरेथॉननंतर जीव जातो तो उतरताना. मी आमच्या ग्रुपमधल्या एका तगड्या काकांना इमारतीचा जिना कठडा धरून पाठमोरं उतरताना पाहिलं आहे, एकेक पायरी चाचपत. खालून दूधवाला वर येत होता, त्याला वाटलं काकांना चक्कर आली.

कारण असं. पाऊल जमिनीवर टेकतं तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना त्याच वेळी आवळलेलाही असतो. तो ब्रेक लावत असतो. असं ब्रेकचं काम स्नायूच्या धाग्यांना सर्वांत जास्त फाडतं. मॅरेथॉनमध्ये असे हजारो ब्रेक लागतात. फाटलेल्या धाग्यांची सूज एक ते तीन दिवसांत शिगेला पोचते. म्हणून शर्यतीच्या संध्याकाळी माणूस गप्पा मारत असतो आणि तिसऱ्या दिवशी कण्हत असतो.

सलग पळणाऱ्याच्या दृष्टीने ही वाईट बातमी, कारण दुसरी आणि तिसरी मॅरेथॉन नेमकी या शिगेवर येते. अनुभवी मंडळी सांगतात, तिसरा-चौथा दिवस काढला की पुढे त्याच पातळीवर गाडी चालू राहते. यात केवळ मनाची समजूत नाही. एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढच्या तशाच माराला कमी फाटतो, हे व्यायामशास्त्रात चांगलं नोंदलं गेलं आहे. आणि हा टिकाऊपणा आधीच कमावता येतो. म्हणूनच शनिवारी पंचवीस आणि रविवारी परत पंचवीस किलोमीटर, अशी जोड-सरावाची पद्धत आहे. रविवारच्या पंचवीसला वेग विचारायचाच नाही. जड पायांनी पळायची सवय, एवढाच त्याचा उद्देश.

मग हे पळतात तरी किती हळू?

बघणाऱ्याची निराशा होईल इतकं हळू. किलोमीटरला आठ-साडेआठ मिनिटं, म्हणजे पूर्ण अंतराला साडेपाच ते सहा तास. त्यात ठरवून चालणं असतं: नऊ मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, पहिल्या किलोमीटरपासून, दमायच्या आधीपासून. चढ आला की सरळ चालायचं. कसोटी एकच, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की टाकीचा कॉक उघडला असं समजायचं.

‘म्हणजे हे अर्धं चालणंच झालं की!’ हा टोमणा ठरलेला. हो, थोडंफार चालणंच झालं. पण मॅरेथॉन ही अंतराची व्याख्या आहे, ते अंतर कुठल्या चालीने कापायचं याची नाही. टोमणा मारणाऱ्याने शनिवारी नुसतं बेचाळीस चालून रविवारी परत चालून बघावं. मी पैज लावायला तयार आहे.

क्लब कशाला हवा?

हळू पळणं एकट्याला जमत नाही, हे याचं खरं उत्तर. पहिल्या दिवशी पाय ताजे असतात, हवा गार असते, घड्याळ खुणावत असतं, आणि माणूस पंधराव्या किलोमीटरपर्यंत उत्साहात निघून जातो. त्याची किंमत तिसऱ्या दिवशी वसूल होते. क्लबमध्ये पुढे पेसर असतो, म्हणजे ठरलेला वेग राखणारा, आणि बऱ्याच ठिकाणी नियम असतो की त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. मागे स्वीपर असतो. त्याच्या मागे कोणी उरत नाही. एरवी शर्यतीत ग्रुप तुम्हाला पुढे ढकलतो. इथे तो मागे ओढतो, आणि त्याची खरी गरज इथेच आहे.

मग खाणं. दर पाच-सहा किलोमीटरवर डिकी उघडी ठेवलेली गाडी. आत स्टीलच्या डब्यात उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, वर मीठ. केळी, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, खजूर. एका डब्यात व्हॅसलीन असतं, त्यात बोट बुडवून काखेत आणि जांघेत लावायचं. ते चुकून बटाट्यांच्या शेजारी ठेवलं की बोंबाबोंब होते. पायाच्या बोटांना टेप लावायला कात्री. संपल्यावर पहिल्या तासाभरात पिठूळ पदार्थ पोटात गेले पाहिजेत, कारण तेव्हा स्नायू साखर झटकन शोषतात. दिवसभरात वजनाच्या दर किलोला आठ-दहा ग्रॅम कार्बोहायड्रेट हवेत. साठ किलोच्या माणसाला पाचशे ग्रॅम धरले, तर नुसत्या भातावर भागवायचं म्हटलं तरी पावणेदोन किलो शिजलेला भात. म्हणून पोहे, मऊ भात, गुळपोळी, ताकभात, परत पोहे असं दिवसभर चालू राहतं. भूक नसताना खाणं हे बेचाळीस किलोमीटरपेक्षा कठीण, असं म्हणणारे भेटतात, आणि ते विनोद करत नसतात.

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ब्रॅथे ट्रस्ट ही संस्था ‘टेन इन टेन’ भरवत आली: विंडरमिअर तळ्याभोवतीचा तोच रस्ता, दहा दिवस, दहा वेळा. छोटा गट, सोबत डॉक्टर आणि मालिश करणारी मंडळी. तोच रस्ता रोज, हे कंटाळवाणं वाटेल, पण त्यात शहाणपण आहे. कुठल्या वळणावर चढ, कुठे पाणी, कुठे आडोसा, याचा विचार करावा लागत नाही.

आणि क्लबचं आणखी एक काम असतं, ते म्हणजे डोळे. स्वतःची चाल बिघडलेली स्वतःला कळत नाही. मागून येणाऱ्याला डावा पाय बाहेर फेकला जातोय ते दिसतं. नडगीच्या खाली, घोट्याच्या वर पुढच्या बाजूला सूज आणि दाबलं की करकर जाणवणं, हे बहुदिवसीय पळण्यातलं ठरलेलं दुखणं. तिथला कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, सुजतो. वेळीच बूट सैल बांधले, बर्फ लावला, वेग कमी केला तर सांभाळता येतं. दुर्लक्ष केलं तर दोन दिवसांत पाऊलच टेकत नाही.

‘पण गुडघे?’

हा प्रश्न आईचा, सासूचा आणि हाडांच्या डॉक्टरांपेक्षा हाडांच्या डॉक्टरांच्या शेजाऱ्यांचा. २०१७ साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा हौशी धावपटूंमध्ये गुडघ्या-खुब्याची झीज ३.५ टक्के, बैठं आयुष्य असणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर वर्षानुवर्षं पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के आढळली. म्हणजे पळण्याने गुडघे जातात हे सरसकट खोटं, पण अतिरेकाला किंमत नाही असंही नाही. सलग मॅरेथॉन पळणारा हौशी माणूस यातल्या कुठल्या गटात बसतो? वर्षातून एकदा पाच दिवस हा खेळ केला तर पहिल्या. दर महिन्याला केला तर मी त्याला तिसऱ्यात टाकीन.

‘आणि हृदय?’

मॅरेथॉननंतर रक्त तपासलं तर ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढलेलं सापडतं, जे एरवी हार्ट अॅटॅकची शंका आली की तपासतात. निरोगी धावपटूत ते काही दिवसांत खाली येतं. रोज पळणाऱ्यात काय होतं? ब्राझीलचे उगो फारियास यांनी वर्षभर, ३६६ दिवस, रोज एक मॅरेथॉन पूर्ण केली. २०२३च्या ऑगस्टमध्ये ते थांबले. साओ पावलोच्या हृदयरोग संस्थेचे डॉक्टर त्यांना तपासत होते, आणि हृदयाला इजा झाल्याची चिन्हं आढळली नाहीत. तीव्रता मध्यम ठेवली होती, हे त्यातलं कळीचं. अर्थात हा एकच माणूस, तोही डॉक्टरांच्या नजरेखालचा. ज्याला रक्तदाब आहे, घरात लवकर हृदयविकार झालेले आहेत, त्याने फारियास यांचं उदाहरण देऊन बायकोला गप्प करू नये. आधी स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी.

घाबरायचंच असेल तर कशाला घाबरावं

गुडघ्यांना नाही, मूत्रपिंडांना. स्नायूंचे धागे फार मोठ्या प्रमाणात तुटले की त्यातला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात येतो आणि मूत्रपिंडांवर ताण टाकतो. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. ब्रिटिश कलाकार एडी इझार्ड यांनी २००९ साली ५१ दिवसांत ४३ मॅरेथॉन पूर्ण केल्या होत्या. तरी २०१२मध्ये दक्षिण आफ्रिकेत सलग सत्तावीसचा प्रयत्न त्यांना चार मॅरेथॉननंतर याच दुखण्यामुळे सोडावा लागला. आधीचा अनुभव असतानाही. २०१६ साली त्या परत गेल्या. मध्ये एक दिवस हॉस्पिटलमुळे गेला, तो शेवटच्या दिवशी दोन मॅरेथॉन करून भरून काढला. मंडेलांच्या तुरुंगवासाची सत्तावीस वर्षं म्हणून सत्तावीस.

इथे आपल्याकडची एक वाईट खोड सांगायलाच हवी. पाय दुखतात म्हणून सकाळी निघताना आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेणारे खूप आहेत, आणि ग्रुपवर ती एकमेकांना सुचवणारेही. या गोळ्या मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी करतात. आधीच अंगातलं पाणी कमी, स्नायूंचा कचरा रक्तात, आणि त्यात ही गोळी. गोळीशिवाय सुरुवात करता येत नसेल, तर त्या दिवशी सुरुवात करू नये.

दुसरी खोड याच्या अगदी उलट: ‘पाणी पी, पाणी पी’. सहा तास नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस गोंधळतो, क्वचित जिवावर बेततं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम नेमापेक्षा कमी होतं. संथ पळणाऱ्यांना धोका जास्त, कारण प्यायला वेळ जास्त. म्हणून तहान लागेल तेवढं प्यायचं, मीठ खायचं, आणि रोज निघताना व परतल्यावर वजन करायचं. पळून आल्यावर वजन वाढलं असेल तर तुम्ही चुकताय.

थांबवायचं कोणी?

क्लबचा तोटाही सांगतो. ज्या ग्रुपमुळे माणूस संयम राखतो, त्याच ग्रुपसमोर थांबायची त्याला लाज वाटते. चार दिवस फोटो पडले, पन्नास अंगठे आले, आता पाचव्या दिवशी माघार कशी घ्यायची? म्हणून ज्या क्लबमध्ये हे शहाणपणाने चालतं, तिथे थांबवायचा अधिकार आधीच एकाला दिलेला असतो, शक्यतो न पळणाऱ्या डॉक्टरला, आणि त्यावर अपील नसतं. लघवीचा रंग गडद, ताप, रात्री हाडात ठणकणारं दुखणं, चाल वाकडी: यातलं एक जरी असलं तरी त्या दिवशी गाडीत बसून बटाटे वाटायचे. असा अधिकारी नेमलेला नसेल, तर त्या उपक्रमात नाव घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नाव घालायचंच असेल, तर किमान दोन-तीन वर्षं नियमित पळणं, काही मॅरेथॉन संपवून दुसऱ्या दिवशी माणसासारखं चालता येणं, आणि जोड-सरावाचे निदान तीन-चार महिने एवढी शिदोरी हवी. नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा बुटाचा जोड घ्या, कारण पाऊल रोज थोडं थोडं सुजत जातं. सुरुवात सलग दोनपासून करा.

आणि एक बारीकशी सूचना. हे सगळं पार पडल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ऑफिसचं वार्षिक हेल्थ चेकअप आलं तर तारीख पुढे ढकला. फाटलेल्या स्नायूंतून सीके नावाचं एन्झाइम रक्तात आलेलं असतं, आणि त्याच्याबरोबर एसजीओटी, एसजीपीटीही वाढतात, ज्यांना लॅबच्या रिपोर्टमध्ये यकृताच्या रकान्यात छापतात. अनोळखी डॉक्टर तो कागद बघून आधी विचारतात, रोज किती घेता. ‘बेचाळीस’ असं उत्तर देऊ नका.